दुकानात बघा, घरपोच मागवा

छंद लागला की आधी सामान लागतं. तुम्हाला सायकलिंगचा छंद लागलाय, आणि 'जवळच्या छोट्या दुकानदारांना जगवलं पाहिजे' या ठाम मताचेही तुम्ही आहात. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असा लोकांचा गैरसमज आहे. खिशाला तोशीस न लावता दोन्ही कशा साधायच्या, तेवढं सांगतो.

सुरुवात दुकानापासूनच करायची. दुकानाशिवाय घरपोच खरेदी नीट होत नाही, हे कोणी कबूल करत नसलं तरी जाणकारांना ठाऊक असतं. गेल्यावर "नुसतं बघायला आलोय" म्हणू नका. "याच महिन्यात घ्यायचीय" म्हणा. मग दुकानदार हातातलं काम बाजूला ठेवतो, फडक्याला हात पुसतो, तुम्हाला बूट काढून भिंतीला पाठ लावून उभं करतो आणि दोन पायांमध्ये पुस्तक धरायला लावून पायाचं आतलं माप घेतो. या मापाला 0.883 ने गुणलं की सीटची उंची मिळते, पेडल फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत. हे गणित कुठेही वाचायला मिळतं. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. तुम्हाला सायकलवर बसवून पेडल मारायला लावतो, मागे उभं राहून कंबर डावी-उजवीकडे डुलतेय का ते बघतो, आणि काही न बोलता सीट चार मिलिमीटर खाली घेतो. हे चार मिलिमीटर कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाहीत. ताबडतोब टिपून घ्या. फ्रेमचा साइझ टिपा, मॉडेलच्या स्टिकरचा फोटो काढा. कशाला म्हणून विचारलं तर "घरी दाखवायला" म्हणा. या कारणावर आजवर कुणाला उलट बोलता आलेलं नाही.

मग "विचार करून सांगतो" म्हणून निघायचं. ऑर्डर मात्र बाहेर पडल्यावरच द्या. काउंटरला टेकून दिलेली बरी दिसत नाही.

मन खायला लागलं तर परंपरेचा आधार घ्यावा. 1872 साली शिकागोत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या गृहस्थांनी एका कागदावर 163 वस्तूंची यादी छापली आणि शेतकऱ्यांना टपालाने माल विकायला सुरुवात केली. मधला दुकानदार गेला की भाव उतरतो, हा त्यांचा मुद्दा. 1875 पासून 'पसंत नसेल तर पैसे परत' हेही आलं. अमेरिकेतल्या लहान गावांच्या दुकानदारांना ही टपालविक्री इतकी झोंबली की पुढे काही ठिकाणी कॅटलॉगच्या होळ्या झाल्या. म्हणजे तुम्ही जे करताय त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. याच वॉर्ड कंपनीने 1926 मध्ये स्वतःच दुकानं उघडायला घेतली, एवढं फक्त कुणाला सांगत बसू नका. मुद्दा उगाच लुळा पडतो.

खोकं आलं. त्यावर लिहिलंय की सायकल जवळजवळ पूर्ण जोडलेली आहे, तुम्ही फक्त हँडल, पुढचं चाक, सीट आणि पेडल बसवायचे. सोबत पानाही असतो, सहसा टिनपाट. उजवं पेडल सरळ बसेल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, कारण सरळ ठेवले तर चालवता चालवता ते आपोआप सुटत जातं. माहितीपत्रकात हे छापलेलं असतं, पण माहितीपत्रक वाचणं छंदिष्ट माणसाला शोभत नाही. घड्याळाच्या दिशेने आवळायचं हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा आवळा. पेडलचा आस पोलादी आणि ज्यात तो जातो तो क्रँक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे सुरुवातीला थोडं अडतं, मग रेटा दिला की जातं. चंदेरी कीस गळायला लागला की समजायचं, आटे गेले. याच भरात, चाक बसवायच्या आधी, डिस्क ब्रेकचा लिव्हरही दाबून बघा. मधे डिस्क नसल्यामुळे दोन्ही पॅड एकमेकांना जाऊन भिडतात आणि मग चाक काही केल्या आत जात नाही. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असेल तर मजा आणखी वाढते.

आता पुन्हा दुकान. यालाच पाठिंबा म्हणतात.

सायकल कुठून घेतली हे तो विचारणार नाही, त्याला दिसतंच. तरीही "भेट मिळाली" म्हणून ठेवा. "काही नाही, किरकोळ आहे, पाच मिनिटांचं काम" असंही वर सांगा, म्हणजे मजुरीचा अंदाज तुमच्या बाजूने बांधला जातो. प्रवासात पुढच्या चाकाला आउट आलेला असतो, म्हणजे ते फिरताना डावी-उजवीकडे डुलतं, तोही याच पाच मिनिटांत काढून मागायचा. तो चाक स्टँडवर चढवतो, फिरवतो आणि रिमच्या कडेला अंगठ्याचं नख नेऊन धरतो. जिथे रिम नखाला घासते तिथे चाक थांबवतो, एका बाजूच्या स्पोकचं निपल, म्हणजे रिमपाशी स्पोक ताणून धरणारा बारीक नट, पाव फेरा आवळतो, समोरच्या बाजूचं पाव फेरा सैल करतो. पुन्हा फिरवतो. पुन्हा पाव फेरा. अर्धा फेरा कधीच नाही. घासण्याचा आवाज हळूहळू तुटक होत जातो आणि शेवटी येईनासा होतो.

नेमक्या या क्षणी विचारा, "एवढंच? नवीन काही घातलं नाही ना?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आजवर त्याने आपल्या डोक्यातल्या आणि बोटांतल्या विद्येचे पैसे कधी वेगळे घेतले नव्हते. सायकल विकायची, टायर विकायचा, त्या नफ्यात ही विद्या गुपचूप बसून यायची. वस्तू तुम्ही दुसरीकडून आणायला लागल्यावर त्याने नाइलाजाने मजुरीचा फलक लावला, तर ती लूट झाली. फलकाचा फोटो काढून मित्रांना पाठवा. खाली लिहा, 'म्हणूनच लोक ऑनलाइन जातात'.

टायर मात्र त्याला विचारू नका. सरळ मागवा. 26 इंची चाक आहे, 26 इंची टायर मागवायचा, यात विचारायचं काय? आता सायकलच्या जगात 26 इंची म्हणवणारी मापं अनेक आहेत आणि त्यांच्या रिमचा व्यास 559, 571, 584 किंवा 590 मिलिमीटर असू शकतो, ही त्या जगाची चूक, तुमची नव्हे. खरं माप जुन्या टायरच्या कडेला बारीक अक्षरात उठवलेलं असतं. दुकानदार त्यावरची धूळ अंगठ्याने पुसून ते वाचतो, म्हणून त्याचा टायर बसतो. तुमचा बसणार नाही. परत पाठवा, कारणाच्या रकान्यात 'वस्तू सदोष'. असंच, 700सी आणि 29 इंची या दोन्ही रिमचा व्यास 622च असतो, पण 29 हा आकडा मोठा दिसतो म्हणून त्याचे जास्त पैसे मोजणारे भेटतात. त्यांचा आनंद हिरावून घेऊ नये.

दुकानदार काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हेही मान्य करू. जे त्यांच्याकडे नाही ते 'बंद झालं' असतं आणि जे दोन वर्षं धूळ खात पडलंय ते नेमकं तुमच्याच उंचीचं निघतं. बाई आत शिरली की तिला काही न विचारता बास्केटवाली गुलाबी सायकल दाखवणारे कमी नाहीत. साधी गिअरची केबल 'पुढच्या आठवड्यात' असते, आणि तो आठवडा कधीच येत नाही. असा एखादा अनुभव नीट जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक ऑर्डरच्या वेळी तो उपयोगी पडतो.

बाकी पाठिंबा सोपा आहे. 'स्थानिक दुकानांतूनच खरेदी करा' अशी पोस्ट महिन्यातून एकदा टाका. मधूनमधून एखादी ट्यूब दुकानातून घ्या. तिच्या बदल्यात हवा, तेल आणि सल्ला हक्काने मागता येतो.

सगळे असंच करायला लागले तर दुकान कसं टिकेल, अशी शंका काही जण काढतात. स्वस्त देणारे आहेत ना! ब्रिटनमध्ये विगल आणि चेन रिॲक्शन या सायकलसामान घरपोच विकणाऱ्या दोन बड्या कंपन्या एकत्र आल्या होत्या. दोघींचाही उगम साध्या सायकलच्या दुकानातलाच. 2023 मध्ये तो एकत्र कारभारही कर्जबाजारी होऊन प्रशासकांच्या हाती गेला. पण तोवर भरपूर सूट मिळाली होती, आणि छंदाला एवढं पुरे.

तुमच्या जवळचं दुकान बंद होतंय असं कळलं की पहिल्याच दिवशी जा. पोस्ट नंतरही लिहिता येते. दुकान आवरताना पाने, फ्रेम धरायचा स्टँड, पंप सगळं काढून टाकत असतात. त्यातला चाकाचा आउट काढायचा स्टँड हेरा, चांगला जड असतो. किंमत विचारा. तो सांगेल ती ऐकून घ्या, आणि मग खिशातून मोबाइल काढून, हाच स्टँड नवाकोरा घरपोच केवढ्याला पडतो ते त्याला दाखवा.