गाल्वाचं गणित एका रात्रीचं नाही
जळगाव-धुळ्याच्या गणित शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय, की एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाने द्वंद्वयुद्धाच्या आदल्या रात्री अख्खी ग्रुप थिअरी (सममितीचा अभ्यास करणारी गणिताची शाखा) लिहून काढली. हे चूक आहे. समीकरणांवरचं त्याचं काम १८२९ पासूनच पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे जात होतं. १८३१ मध्ये अकादमीतल्या प्वासाँ या गणितज्ञाने त्याचा प्रबंध समजत नाही म्हणून परत पाठवला. २९ मे १८३२ च्या रात्री त्याने मित्र शेवालियेला पत्र लिहून या जुन्या कामाचा सारांश दिला, हस्तलिखितात थोड्या दुरुस्त्या केल्या, एवढंच. आपली पोरं असली एका रात्रीची गोष्ट वाचून अभ्यासाऐवजी चमत्काराची वाट बघतात, म्हणून कळकळीने लिहितोय. ३१ मेला गाल्वा द्वंद्वयुद्धातल्या जखमेने गेला, वय अवघं वीस. लिऊव्हिल या गणितज्ञाने त्याचं ते काम छापलं १८४६ मध्ये.