गूळ-ओट्सची ब्राउनी ‘लो-कार्ब’ नव्हे

‘मैदा नाही, साखर नाही! ओट्स, गूळ आणि किसलेला दुधी घातलेली चॉकलेट ब्राउनी. एकदम लो-कार्ब, मधुमेह असला तरी बिनधास्त खा. मुलांच्या पोटातही नकळत भाजी जाते.’ कृतीसकट हा मजकूर सगळीकडे फिरतोय. भाजी घालून केक करायला माझी काहीच हरकत नाही. पण हे दावे वाचून कुणी गोळ्या-इन्शुलिनवर असलेला माणूस खरंच बिनधास्त खाईल, याची काळजी वाटते.

‘साखर नाही’ हे खरं नाही. गुळात मुख्यतः साखरच असते; १०० ग्रॅममागे ८५ ते ९५ ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारी कर्बोदकं. गुळाऐवजी खजूर घातला तरी फार फरक पडत नाही.

‘मैदा नाही म्हणून लो-कार्ब’ हेही तसंच. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ७५ ग्रॅम कार्ब्ज, तर ओट्समध्ये ६५च्या आसपास. ओट्समध्ये फायबर जास्त, हा फायदा मान्य. पण १०० ग्रॅम ओट्स आणि १५० ग्रॅम गुळाच्या १२ वड्या पाडल्या, तर एका वडीत १६-१७ ग्रॅम कार्ब्ज येतात, म्हणजे जवळपास एका फुलक्याएवढे. फुलके आपण मोजून खातो. ‘हेल्दी’ म्हटलेल्या वड्या मात्र चहाबरोबर तीन-तीन जातात.

खरंच कार्ब्ज कमी करायचे तर बदामाची पूड वापरा. तिच्यात १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम कार्ब्ज, त्यातलं निम्मं फायबर. तिला मैद्यातल्या ग्लुटेनचा चिकटपणा नसतो, त्यामुळे अंडी लागतात. दुधीचा कीस घट्ट पिळून घ्या, नाहीतर मधला भाग गिच्च राहतो. गोडीला साखरेऐवजी एरिथ्रिटॉल किंवा स्टीव्हिया. ‘शुगर-फ्री’ चॉकलेट घेताना वेष्टन वाचा: माल्टिटॉल हा गोडवा असेल तर रक्तातली साखर वाढतेच, फक्त साखरेपेक्षा कमी.

आता भाजीचं. वाटीभर, म्हणजे सव्वाशे ग्रॅम कीस १२ वड्यांत वाटला की वाट्याला येतो जेमतेम दहा ग्रॅम, तोही बहुतांश पाणी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. भाजी लपवून उपयोग होतो, हे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासात दिसलं होतं. पण तिथे रोजच्या जेवणात भाजीचा भरपूर गर घातला होता आणि सोबत दिसणारी भाजीही ताटात वाढली होती. आपल्याकडे भोपळ्याचे घारगे, काकडीची तवसाळी, दुधी हलवा पिढ्यान्‌पिढ्या होतात. त्यांना कुणी भाजी म्हणून मोजलं नाही, गोडाचं म्हणूनच खाल्लं. मुलाला दुधी आवडायला हवा तर तो ताटात पुन्हा पुन्हा दिसायला आणि चाखायला मिळायला हवा.

एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच. दुधी कडू निघाला तर त्यातलं कुकुरबिटासिन हे कडू द्रव्य विषारी असतं, भाजून-शिजवून ते जात नाही, आणि कोकोच्या कडवटपणात ती चव लपून जाऊ शकते. म्हणून किसण्याआधी कच्च्या दुधीची बारीक फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंकून टाका आणि तो अख्खा दुधी फेकून द्या.