खुलासा असा करावा की काहीच खुलू नये

सरकारी संस्थेच्या जनसंपर्क विभागाचे प्रमुख म्हणून तुमची नेमणूक झाली, त्याबद्दल अभिनंदन. पाटीवर 'जनसंपर्क' लिहिलेलं असलं तरी तुमचा खरा संपर्क एकाच माणसाशी आहे आणि तो वरच्या मजल्यावर बसतो. जनता तुमचा गोपनीय अहवाल लिहीत नाही, साहेब लिहितात. एवढं उमजलं की बाकीचं ओघानं येतं.

दिवसाची सुरुवात कात्रणांनी करा. साहेबांचा फोटो असलेलं कात्रण सगळ्यांत वर. टीकेचं तळाशी, आणि त्यावर पेन्सिलीने 'खुलासा पाठवत आहोत'. साहेब बैठकीच्या घाईत वरची दोनच पानं चाळतात, हे तुमच्या आधीच्या प्रमुखांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते निवृत्त होईपर्यंत टिकले.

आता प्रसिद्धीपत्रक. यात खरी कला आहे. समजा, मुख्य जलवाहिनी फुटली. विभागात नुकतीच रुजू झालेली एखादी उत्साही मुलगी तीन ओळी लिहून आणते: 'मुख्य जलवाहिनी फुटली आहे. तीन दिवस पाणी येणार नाही. त्यानंतर येणारं पाणी उकळून प्या.' वाचून तुम्हालाही क्षणभर बरं वाटेल. सावरा स्वतःला, आणि पत्रक मंजुरीला फिरू द्या. अभियंते आधी 'फुटली' खोडतील, कारण फुटली म्हटलं की बांधली कुणी, हा प्रश्न येतो. त्याजागी 'गळती निदर्शनास आली' येईल. विधी विभाग 'तीन दिवस' काढेल. चौथ्या दिवशी कुणी कोर्टात गेलं तर? 'उकळून प्या' हे आरोग्य विभागाच्या अखत्यारीत, आणि तिथले अधिकारी रजेवर. वित्त विभागाची काहीच हरकत नसते, पण नुसती सही करणं बरं दिसत नाही, म्हणून ते एक स्वल्पविराम काढतात. शेवटी साहेब विचारतात, "यात माझं नाव कुठंय?" रात्री उशिरा बाहेर पडतं ते असं: 'मा. मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या मार्गदर्शनाखाली जलवाहिनीच्या सक्षमीकरणाचे काम युद्धपातळीवर हाती घेण्यात आले असून तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात तात्पुरते फेरबदल संभवतात. नागरिकांनी सहकार्य करावे.'

यावरून नळ का कोरडा आहे हे ओळखणारा नागरिक अजून जन्मायचा आहे. तरीही धोका नको. पत्रकाची प्रत काढा, शिक्का मारा, थोडी तिरकी स्कॅन करा आणि मगच संकेतस्थळावर टाका. म्हणजे ते शोधून सापडत नाही, मजकूर उचलून शेजाऱ्याला पाठवता येत नाही, आणि अंध व्यक्तींच्या स्क्रीन रीडरलाही त्यातलं अक्षर कळत नाही. समान वागणूक म्हणतात ती हीच.

नमुना हवा असेल तर चेर्नोबिल बघा. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे अणुभट्टीचा स्फोट झाला. २८ तारखेला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुऊर्जा केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला. त्या रात्री सोव्हिएत दूरचित्रवाणीने चार-पाच वाक्यांचं निवेदन वाचलं: अपघात झाला आहे, एका भट्टीचं नुकसान झालं आहे, उपाययोजना सुरू आहेत, बाधितांना मदत केली जात आहे, आयोग नेमला आहे. बघा, आयोगसुद्धा विसरले नाहीत! त्यानंतर तीन दिवसांनी जवळच्या कीव्ह शहरात मे दिनाचं संचलनही ठरल्याप्रमाणे झालं.

पत्रकारांचं म्हणाल, तर ते फार वेळ खातात. चार वाजता फोन आला आणि बातमीची मुदत सहाची असली, की 'प्रश्न लेखी पाठवा' म्हणावं. साडेसातला 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं कळवावं. सकाळी बातमीत 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' असं छापून आलं, की एकतर्फी बातमी दिल्याबद्दल संपादकांना खरमरीत पत्र धाडावं. साहेब काहीबाही बोलून गेले असतील तर 'वक्तव्याचा विपर्यास' आहेच. चित्रफीत उपलब्ध असली तरी विपर्यास तो विपर्यासच.

पत्रकारांशिवायच पत्रकार परिषद घेता आली तर उत्तम. चेष्टा नाही. २३ ऑक्टोबर २००७ रोजी, कॅलिफोर्नियात वणवे पेटलेले असताना, अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे 'फेमा'ने, हे करून दाखवलं. वार्ताहरांना जेमतेम पंधरा मिनिटं आधी कळवलं. फोनवरून ऐकायची सोय होती, विचारायची नव्हती. मग खुर्च्यांवर संस्थेचेच कर्मचारी बसले आणि त्यांनीच प्रश्न विचारले. आतापर्यंतच्या कामावर आपण समाधानी आहात का, हा त्यातला एक. उपप्रमुख अर्थातच समाधानी होते. काही दिवसांतच बिंग फुटलं, पण तो तपशील झाला.

अडचणीची बातमी कधी सोडायची? शुक्रवारी संध्याकाळी, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. त्याहून मोठ्या मुहूर्तावर डोळा ठेवा, मात्र त्याबद्दल लेखी काही ठेवू नका. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे मनोरे जळत असताना ब्रिटनच्या वाहतूक खात्यातल्या एका सल्लागार बाईंनी सहकाऱ्यांना मेल केला होता, की गाडून टाकायचं काही असेल तर बाहेर काढायला आज फार चांगला दिवस आहे. मेल फुटला. तरी बाई फेब्रुवारी २००२ पर्यंत पदावर होत्या, यातून उमेद घ्या.

काही वाईट उदाहरणंही आहेत. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत बिघाड झाला, तेव्हा कंपनी एक सांगत होती, राज्य सरकार दुसरं. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अणुऊर्जा नियामक आयोगातले हॅरॉल्ड डेंटन नावाचे अधिकारी तिथं पाठवले. हा गृहस्थ तांत्रिक बाब साध्या भाषेत समजावून सांगू लागला आणि लोकांनी चक्क त्याच्यावर विश्वास ठेवला. असा माणूस तुमच्या संस्थेत आढळला तर त्याला तातडीने एखाद्या अंतर्गत समितीवर घ्या. कॅमेऱ्यापासून लांब.

इतकं करूनही एखाद्या दिवशी लोक रस्त्यावर उतरलेच, तर संस्था काय म्हणेल ते आत्ताच ऐकून ठेवा: 'काम उत्तम झालं, पण ते जनतेपर्यंत पोहोचवण्यात आम्ही कमी पडलो.' आम्ही म्हणजे तुम्ही. अभियंते जागेवर राहतील, विधी विभाग राहील, साहेबांना बढती मिळेल आणि बदली तुमची होईल. तिचं पत्रकही तुम्हालाच लिहायचं आहे. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढं पुरे, आणि वित्त विभागाला काढता यावा म्हणून एक स्वल्पविराम जादा ठेवा.