बापाचा दरारा : देखभाल व दुरुस्ती

अभिनंदन. तुम्ही बाप आहात, म्हणजे घराचे प्रमुख आहात. पुरावा हवा असेल तर कुठलाही फॉर्म काढून बघा. 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात तुमचंच नाव आहे. फॉर्म बायकोने भरलाय, ही गोष्ट वेगळी. सही कुठे करायची तिथे तिने पेन्सिलीने बारीकशी फुलीही मारून ठेवली आहे. तिथे सही करा आणि पेन परत द्या. वर काय लिहिलंय ते वाचत बसू नका. वाचलं की प्रश्न पडतात, आणि त्या प्रश्नांची उत्तरं सातवीतली मुलगी देते.

दरारा हा ठेवणीतल्या कपबशांसारखा असतो. कपाटात दिसला पाहिजे. वापरायला काढला की कान तुटतो. जे बाप रोज उठून दरारा वापरून बघतात त्यांच्याकडे पुढे नुसत्या बशा उरतात.

वापरायचाच झाला तर कधी वापरायचा, हे आधी शिकून घ्या. मूल तुमच्याकडे परवानगी मागायला येतं. मैत्रिणीकडे राहायला जायचंय, कान टोचायचेत, मांजर आणायचंय. नवखा बाप इथे विचार करायला लागतो. विचार करू नका, फक्त एवढंच विचारा, ''आई काय म्हणाली?'' ''आई म्हणाली, बाबाला विचार'' असं उत्तर आलं तर समजा की नकार ठरलेला आहे. तो जाहीर करायला माणूस हवा होता, म्हणून प्रकरण तुमच्याकडे आलंय. भुवया जवळ आणा आणि नाही म्हणा. मूल रडत आईकडे जाईल, आई त्याला जवळ घेईल आणि म्हणेल, ''बाबाचा स्वभावच तसा आहे.'' याला श्रमविभागणी म्हणतात. चुकून हो म्हणालात तर मांजर येईल आणि तुमच्या खुर्चीवर बसेल.

आता कायमस्वरूपी सत्तेकडे वळू. ज्या खात्यावर घरात कुणाचाच डोळा नाही ते खातं मागून घ्यायचं. शाळा, दवाखाना, कपडे, पाहुणे, कुणाच्या वाढदिवसाला काय न्यायचं, ही खाती केव्हाच गेली. अर्थखातं तुमच्याकडे आहे असं तुम्हाला वाटू दिलं जातं. उरतं ते ऊर्जाखातं. ते पटकन ताब्यात घ्या.

रोज संध्याकाळी घरात शिरलात की चहूकडे एक फेरी मारा. एखाद्या रिकाम्या खोलीत दिवा चालू सापडेलच. तो लगेच बंद करून मोकळे होऊ नका. दिव्याखाली उभे राहा, वर बघा, आणि भिंती दणाणतील अशा आवाजात विचारा, ''इथे कोण बसलंय?'' कुणीच बसलेलं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे उत्तर येत नाही. ती जी शांतता पसरते तिलाच दरारा म्हणतात. ती नीट अंगात मुरली की मग बटण दाबा, आणि खट्ट आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत जाईल असं दाबा.

या खात्याला धोका एकच, तो म्हणजे हिशेब. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की मीटरवर एक युनिट पडतं. तुम्ही ज्याच्याखाली उभे राहून गरजलात तो एलईडी बल्ब ९ वॅटचा आहे. त्याला एक युनिट जाळायला १११ तास लागतात. म्हणजे रात्रंदिवस जळत राहिला तरी साडेचार दिवसांत त्याच्याच्याने एक युनिट पुरं होत नाही. तेच काम तुमचा २००० वॅटचा गिझर पाणी तापवताना अर्ध्या तासात उरकतो, आणि तो लावून तुम्ही पेपर वाचत बसता. हे गणित मुलांना शाळेत शिकवतात. तेव्हा गर्जना झाली की तिथे रेंगाळू नका. टॉवेल उचला आणि आंघोळीला जा.

तुमच्या वडिलांची गोष्ट निराळी होती. त्यांच्या डोक्यावर ६० वॅटचा पिवळा बल्ब होता, आणि तो खाल्लेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णतेतच घालवायचा. त्यांचा संताप शास्त्रशुद्ध होता. पुढे बल्ब बदलला, वॅट जवळजवळ सातपटीने उतरले. आवाज तेवढा तुम्ही वडिलांच्या वेळचाच ठेवलात. संस्कार संस्कार म्हणतात ते आणखी काय असतं?

सकाळचं खातंही असंच ओसाड पडलेलं आहे, तेही घेऊन टाका. सुट्टीच्या दिवशी सात वाजता मुलांच्या खोलीत जाऊन पडदे सर्रकन ओढायचे. वयात येणाऱ्या मुलांच्या शरीरात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा सुटतं, त्यामुळे त्यांना झोपही उशिरा लागते, आणि १३ ते १८ या वयाला ८ ते १० तास झोप हवी असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. असली माहिती वाचून मऊ पडलात तर संपलात. ''तुमच्या वयाचे होतो तेव्हा आम्ही पाचला उठायचो,'' असं म्हणा. फक्त त्या वेळी आजी घरात नाही ना, हे बघून घ्या. ती असली तर आतून सावकाश आवाज येतो, ''कोण, हा? याच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारायला लागायचं.'' आजी हा घराचा दप्तरखाना आहे. तिथे तुमची सगळी जुनी कागदपत्रं आहेत आणि नातवंडांना ती कधीही बघायला मिळतात.

रात्रीचं साम्राज्य म्हणजे रिमोट. इथे घाई नको, कारण ही एकच कला तुम्हाला शिकवावी लागलेली नाही. टीव्ही लावून आडवं व्हायचं, रिमोट छातीवर, रिमोटवर उजवा पंजा. पाचेक मिनिटांत घोरणं लयीला लागतं. मुलगा चवड्यांवर येतो. एकेक बोट उचलून तो रिमोट सोडवतो, श्वास रोखून बटण दाबतो, आणि त्याच क्षणी डोळे मिटलेले ठेवून तुम्ही म्हणायचं, ''बघतोय ना मी.'' काय बघतोयस असं विचारलं तर बातम्या सांगा. त्या वेळी पडद्यावर डायपरची जाहिरात चालू असते. सांगा तरी.

रिमोट बिघडला तर तळहातावर दोनदा आपटा. सेल जागचे हलून तो कधी कधी चालू होतोही, आणि त्या एका यशावर पुढची काही वर्षं निघतात. न चालल्यास मुलगी येईल, मोबाइलचा कॅमेरा उघडून रिमोटच्या तोंडासमोर धरेल आणि बटण दाबेल. डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण बऱ्याच कॅमेऱ्यांना दिसतात, त्यामुळे स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकेल. ''बाबा, रिमोट ठणठणीत आहे. खालचा बॉक्स बंद आहे.'' अशा वेळी पुस्तकी बाप गडबडतो. तुम्ही शांतपणे म्हणा, ''तेच म्हणतोय मी.'' हे वाक्य पाठ करून ठेवा. समोरचा बोलून झाल्यावर ते कुठेही बसतं.

याच ओघात त्यांना रिमोटचा इतिहासही ऐकवा. झेनिथ कंपनीने १९५० साली टीव्हीचा रिमोट काढला, तो वायरीने टीव्हीला बांधलेला होता आणि लोक त्या वायरीत अडकून धडपडायचे. नाव ठेवलं होतं 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी माणूस. ते कुणाला डोळ्यांपुढे ठेवून सुचलं असेल हे घरात विचारू नका. मग १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी केलेला बिनतारी रिमोट आला. त्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की आतली इवलीशी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर बसायची, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा, आणि टीव्ही तो ऐकून चॅनेल बदलायचा. एका हाकेत ऐकणारं कुणीतरी घरात आलं ते तेव्हा. रिमोट घरोघरी पोचेपर्यंत हे काम घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराकडे असायचं. उठ, बटण फिरव, आवाज कमी कर, आता बाजूला हो, दिसत नाही.

ते धाकटं पोर तुम्ही होतात. आता रिमोट तुमच्या हातात आहे, आणि टीव्ही बघायला खोलीत दुसरं कुणी नाही. मुलं आपापल्या मोबाइलवर आहेत, ही तिचं काहीतरी हेडफोन लावून बघतेय. तरी झोपताना पकड सैल करू नका. सवयीने का होईना, मुलगा अजून अधूनमधून ओढून बघतो. त्याच्या आनंदासाठी एवढं करायलाच हवं.

वस्तू शोधण्याबद्दल दोनच शब्द. शोधू नका. ड्रॉवरसमोर उभं राहून ओरडा, ''नेलकटर कुठंय?'' दोन भिंतींपलीकडून, हातातलं काम न थांबवता उत्तर येईल, ''दुसरा ड्रॉवर, डाव्या कोपऱ्यात, सेलोटेपच्या खाली.'' तिथे नाहीये, असं सांगा. सेलोटेप उचलायचा नाही, हे पथ्य कडक पाळा. ती येईल, सेलोटेप उचलेल. तुम्ही म्हणा, ''मघाशी नव्हतं.''

भेटवस्तूंच्या बाबतीत मात्र ताठ राहा. वाढदिवस असो की जूनमधला तिसरा रविवार, काय हवं असं मुलांनी विचारलं की तोंडातून एकच वाक्य निघालं पाहिजे, ''मला काही नको.'' त्या रविवाराचा इतिहासच या वाक्याचा आहे. सहा मुलांना आईविना वाढवणाऱ्या बापाच्या कौतुकासाठी सोनोरा स्मार्ट डॉड या त्याच्या लेकीने खटपट केली आणि १९१० साली अमेरिकेतल्या स्पोकेन गावात पहिला पितृदिन साजरा झाला. चारच वर्षांनी, १९१४ मध्ये, तिथल्या सरकारने मातृदिन अधिकृत केला. पितृदिन कायद्याने कायमचा झाला तो थेट १९७२ मध्ये. मधली ५८ वर्षं देशभरातले बाप 'मला काही नको' म्हणत असणार आणि सरकारने ते खरं धरलं असणार. तुमच्या घरातही ते खरंच धरतात. मग संध्याकाळी उगाच कपाटं उघडमिट करत फिरायचं, कुणी काय झालं विचारलं तर ''कुठे काय'' म्हणायचं.

मुलं शिकायला किंवा नोकरीला दुसऱ्या गावी गेली की वरची बहुतेक यंत्रणा निकामी होते, कारण ओरडायला दिवे उरत नाहीत. मग हाती राहतो फोन. मुलीचा फोन तुमच्या मोबाइलवर आला तरी गोंधळू नका. आईचा लागला नसेल म्हणून आला आहे. ''हं. बरी आहेस ना? पैसे आहेत ना? थांब, आईला देतो.'' याहून लांब बोलणं पदाला शोभत नाही. स्पीकर चालू करून फोन हिच्या हातात द्या आणि शेजारीच, पेपर उलटा नाही ना एवढं बघून, बसा. पुढची चाळीस मिनिटं त्या दोघी बोलतील. मध्येच फोनच्या दिशेने दोन-तीन वाक्यं फेका. गाडीची सर्व्हिसिंग केली का विचार तिला. दाराला आतून कडी लावते का विचार. विचार म्हणजे तिने विचारायचं, तुम्ही नाही. मुलीने सगळं ऐकलेलं असतं, तरी ही ते शब्दाला शब्द परत विचारते आणि मुलगीही उत्तर हिलाच देते. सरकारी टपाल वरिष्ठांमार्फतच जायला हवं.

फोन ठेवला की थोडा वेळ जाऊ द्या आणि पेपरमधून मान वर न काढता विचारा, ''काय म्हणत होती?'' ही पहिल्यापासून सगळं सांगायला लागेल. मध्ये मध्ये हं म्हणत राहा. नव्या नोकरीपाशी आली की पेपरचं पान उलटा, आणि सांगून झालं की म्हणा, ''मला वाटलंच होतं.''