गुडघ्यातला पू गोळ्यांनी जिरतो का?

‘गुडघ्यात पू झाला तर अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी तो जिरतो, दुर्बिणीने गुडघा धुणे हा पैसे उकळण्याचा धंदा आहे, एकदा उघडलेला गुडघा कायमचा आखडतो, आणि कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर पाय कापावाच लागतो,’ अशा आशयाचा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे.

गोळ्यांचा दावा सर्वांत घातक आहे. अँटिबायोटिक रक्तावाटे सांध्याच्या अस्तरापर्यंत पोहोचते हे खरे. पण साचलेला पू ते बाहेर काढू शकत नाही, आणि त्या पुवातली विकरे (एन्झाइम) हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा खात राहतात, जी प्रौढ माणसात पुन्हा पूर्ववत भरून येत नाही. म्हणूनच गुडघा अचानक सुजून तापला आणि पाय टेकवेना, तर आधी सुईने पाणी काढून तपासतात. निरोगी सांध्यातले पाणी पारदर्शक, फिकट पिवळे आणि तार धरणारे असते. सिरिंजमध्ये ताकासारखे गढूळ पाणी आले की शंका बळावते. रुग्ण अत्यवस्थ नसेल, तर हा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वीच घेतलेला बरा, कारण घरी चार गोळ्या खाऊन आलेल्या रुग्णाच्या नमुन्यात अनेकदा जंतू उगवत नाहीत आणि नेमके औषध निवडणे अवघड होते. (आदल्या आठवड्यात गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.)

संदेशात तथ्याचा एक कण आहे. पू पातळ असेल आणि रुग्ण लवकर आला असेल, तर काही वेळा रोज सुईने सांधा रिकामा करून भागते. मात्र पुवाच्या गाठी आणि जाळी सुईतून निघत नाहीत. तेव्हा गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही बाजूंना जेमतेम सेंटिमीटरभर छेद घेऊन दुर्बीण घालतात, कित्येक लिटर सलाइनने सांधा धुतात आणि सडलेले अस्तर खरवडून काढतात. तेवढ्याने भागले नाही, तर मोठा छेद घेऊन सांधा उघडतात. क्वचित दोन-तीनदा धुवावे लागते. त्याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे आहे.

गुडघा आखडतो तो बहुधा पुवामुळे, उशिरामुळे आणि नंतर व्यायाम टाळल्यामुळे. छेदाचा वाटा त्यात लहान असतो.

कृत्रिम सांध्याची गोष्ट वेगळी, कारण धातू-प्लॅस्टिकवर जंतू चिकट थर बांधतात व त्यात औषध नीट शिरत नाही. संसर्ग ताजा आणि सांधा घट्ट बसलेला असेल, तर आतून साफ करून व मधली प्लॅस्टिकची चकती बदलून तोच सांधा वाचवता येतो. जुना संसर्ग असल्यास सांधा काढतात. काही निवडक रुग्णांत त्याच वेळी नवा बसवतात, तर अनेकदा अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा काही आठवडे ठेवून मग नवा बसवतात. हेही फसले तर मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांना जोडून टाकण्याचा पर्याय उरतो. गुडघा वाकत नाही, पण माणूस स्वतःच्या पायावर चालतो. पाय कापण्याचा विचार त्यानंतरचा, किंवा जिवावर बेतले तरच.