रोम शेवटी का, आणि ड्रायव्हर नाही का म्हणतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि मनापासून लिहिलेली आहे. खाली दोन ओळी टाकून मोकळं होणं मला पटेना, म्हणून हे वेगळं लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युरोपच्या ग्रुप टूरच्या शेवटच्या दिवसांवरचा, म्हणजे इटलीचा माझा भाग तुम्हाला भाबडा वाटला. रोम शेवटी ठेवतात ते निव्वळ विमानाच्या सोयीसाठी, आणि तोवर माणसं इतकी दमतात की त्यांना काही दिसतच नाही, असं तुमचं म्हणणं. बस हायवेवर पाऊण तास उभी राहते, रात्रीचं रोम दाखवा म्हटलं की ड्रायव्हर नाही म्हणतो, हा तुमच्या मते कामचुकारपणा. आणि ज्यांना चालवत नाही त्यांनी यावंच कशाला, बाकीच्यांचा खोळंबा करायला, हा शेवटचा मुद्दा.

विमानाचं तुमचं म्हणणं बरोबरच आहे. लंडन किंवा पॅरिसला उतरायचं आणि रोमहून परत फिरायचं, म्हणजे बसला आल्या वाटेनं मागे जावं लागत नाही. मार्ग त्यासाठीच तसा आखतात. पण कारण सोयीचं होतं म्हणून प्रवाशांचं नुकसानच झालं, असं नाही ना होत. रोम शेवटी आलं म्हणूनच मला ते थोडंफार कळलं, असं मी त्या भागात लिहिलं होतं. ते तुम्हाला पटलं नाही, म्हणून आता जरा नीट मांडते.

फ्लॉरेन्सला कॅथीड्रलच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, दक्षिणेच्या बाजूला ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा बसलेला पुतळा आहे. मांडीवर आराखडा, मान वर, नजर थेट समोर, त्या चर्चवर त्यानंच बांधलेल्या घुमटावर. आमची स्थानिक गाईड आम्हाला आधी तिथे घेऊन गेली आणि म्हणाली, हा जिकडे बघतोय तिकडे बघा. त्या घुमटाचं काम १४२० मध्ये सुरू झालं आणि १४३६ मध्ये संपलं. रुंदी साधारण ४५ मीटर. कमान बांधताना खालून लाकडाचा आधार देतात, पण एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीला पुरेल असा आधार उभा करणंच कठीण होतं. ब्रुनेलेस्कीनं तो दिलाच नाही. एकात एक असे दोन घुमट बांधले, आणि विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातल्या, म्हणजे चुना आळेपर्यंत आत झुकलेला थर घसरायला नको. गाईडनं हे हातातल्या पाण्याच्या बाटल्या आडव्या-उभ्या धरून दाखवलं. त्याआधी ब्रुनेलेस्की तरुणपणी रोमला जाऊन जुन्या इमारतींची मापं घेत फिरला होता, असं त्याचे चरित्रकार सांगतात.

हे डोक्यात घेऊन आम्ही रोमला पोचलो आणि पॅन्थिऑन या प्राचीन रोमन देवळात शिरलो. आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली, साधारण इसवी सन १२६ ची. म्हणजे फ्लॉरेन्सच्या घुमटाच्या तेराशे वर्षं आधीची. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि फरशीपासून वरच्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. फ्लॉरेन्समध्ये जे इतकं अवघड होतं, ते इथे रोमन लोकांनी काँक्रीट ओतून केलंय, आत लोखंडाची एक सळई नाही. आमच्या ग्रुपमध्ये एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर होते. त्यांनी वर बोट करून समजावलं, की खालच्या थरांत जड दगडाची खडी आहे, वर जाताना ती हलकी होत जाते आणि झरोक्याजवळ तर ज्वालामुखीचा सच्छिद्र प्युमिस वापरलाय. आतून दिसणारे चौकोनी कोनाडे, पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत २८, हेही वजन कमी करतात. झरोका सुमारे ९ मीटरचा आहे आणि त्याला काच नाही. पाऊस सरळ आत पडतो. फरशी मध्यावर किंचित फुगीर ठेवलीय आणि तिला बारीक भोकं आहेत, त्यातून पाणी निघून जातं.

दुसऱ्या दिवशी व्हॅटिकनमधलं सेंट पीटर्स चर्च. मायकेलअँजेलोनं त्याचं काम १५४६ मध्ये अंगावर घेतलं तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. १५६४ मध्ये तो गेला, घुमट १५९० मध्ये पुरा झाला तो जाकोमो देल्ला पोर्ता या वास्तुकाराच्या हातून. रचना फ्लॉरेन्ससारखी, दोन कवचांची. आणि व्यास सुमारे ४२ मीटर, म्हणजे पॅन्थिऑनपेक्षा किंचित कमीच. उंची मात्र क्रॉसच्या टोकापर्यंत १३६ मीटर. खाली उभी राहून मी वर पाहत होते तेव्हा माझ्या मनात तिन्ही घुमट एका रांगेत लागले.

आता सांगा काका, ताज्या दमाच्या पायांनी पहिल्याच दिवशी पॅन्थिऑन पाहिलं असतं तर मला काय दिसलं असतं? छताला एक मोठं भोक. फोटो काढला असता आणि पुढे गेले असते. काळाच्या क्रमानं रोम आधी येतं हे मान्य. पण ते किती अवघड होतं, हे आम्हाला फ्लॉरेन्सनं सांगितलं. आणि त्या इंजिनिअर काकांना काही सांगता येतं, हे पहिल्या आठवड्यात कुणाला ठाऊकही नव्हतं. कुणाला काय येतं, कुणाला कशात रस आहे, हे ग्रुपला शेवटी शेवटीच कळतं. पहिल्या दिवसांत अनोळखी लोक एका बसमध्ये बसलेले असतात, बस.

पिसाबद्दल फार लांबण लावत नाही. त्या कलत्या मनोऱ्यासाठी अर्धा दिवस जातो, आणि बस लांब उभी करून चालावं लागतं ते वेगळं. मला तो दिवस वाया गेला असं वाटलं नाही, कारण मनोरा टिकला कसा ते तिथे कळलं. काम ११७३ मध्ये सुरू झालं, तिसऱ्या मजल्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं थांबलं, आणि तेवढ्या अवधीत खालची मऊ माती दबून घट्ट झाली. सलग बांधला असता तर तो तेव्हाच पडला असता. १९९० मध्ये बंद केला, उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून त्याला किंचित सरळ केलं आणि २००१ च्या अखेरीस पुन्हा उघडला.

ड्रायव्हरबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर मात्र मला ठामपणे बोलायचंय. युरोपियन युनियनमध्ये बस चालवणाऱ्यानं साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यायलाच लागते. हवी तर ती आधी १५ आणि नंतर ३० मिनिटं अशी तोडता येते. दिवसाला चालवण्याची मर्यादा ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तास. रोज सलग ११ तास विश्रांती, ती काही वेळाच ९ तासांवर आणता येते. बसमधल्या टॅकोग्राफमध्ये सगळं नोंदलं जातं आणि पोलीस रस्त्यात अडवून ती नोंद तपासतात. सकाळी साडेसातला ज्यानं बस काढली, त्याला रात्री जेवणानंतर रोम फिरवून आणायला सांगायचं म्हणजे त्याची रात्रीची झोप कापायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात पन्नास माणसांचा जीव द्यायचा. टूर संपत येते तसं हे आणखी घट्ट होतं, कारण त्याच्या मागे कितीतरी दिवसांचं चालवणं साचलेलं असतं. टूर लीडरनं हे आम्हाला माइकवरून पहिल्याच दिवशी समजावलं असतं तर इतकी कुरबुर झाली नसती, एवढंच मला वाटतं. ज्यांना रात्रीचं रोम बघायचं होतं ते चार-पाच जण मिळून टॅक्सीनं गेले, ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी तासभर बसून आले. तो मार्ग सगळ्यांनाच मोकळा होता.

आता तो शेवटचा मुद्दा, ज्यांना चालवत नाही त्यांनी यावंच कशाला. तुमचं हे वाक्य मला लागलं, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहिते. आमच्याबरोबर एक आजी होत्या, गुडघे दुखणाऱ्या. रोमच्या जुन्या भागात रस्त्यांना बेसॉल्टचे काळे चौकोनी दगड बसवलेले आहेत, वर-खाली झालेले, त्यांवर धडधाकट माणसाचाही पाय मुरगळतो. पॅन्थिऑन बघून झाल्यावर बाकीचे चौकात पांगले. आजी आतच एका बाकावर बसून राहिल्या. मी त्यांना न्यायला परत आले तेव्हा त्यांनी मला हात धरून बसवलं. दुपारी एकच्या सुमारास झरोक्यातून आलेला उन्हाचा मोठा गोल दाराजवळच्या फरशीवर होता. त्यांनी खूण म्हणून फरशीतला एक लाल दगड धरला होता आणि गोल त्याच्यावरून कधी सरकतो ते बघत होत्या. पाऊण तासात तो कितीतरी पुढे गेला होता. आम्हा कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी बसमध्ये सगळ्यांना हे सांगितलं, आणि आपलं नेमकं काय बघायचं राहून गेलं ते सगळ्यांना कळलं.

खोळंब्याचं म्हणाल तर आजींमुळे बस एकदाही थांबली नाही. जिथे चालणं जास्त होतं तिथे टूर लीडर त्यांना आधीच भेटायची जागा सांगून ठेवायचा आणि त्या वेळेआधी तिथे हजर असायच्या. बस थांबली ती शेवटच्या खरेदीला गेलेल्या, पाय शाबूत असलेल्या लोकांसाठी. आयुष्यभर ज्यांना वेळ आणि पैसा कधी एकत्र मिळाला नाही, ते गुडघे दुखायला लागल्यावरच बाहेर पडतात. ग्रुप टूर त्यांच्यासाठी आहे. कुणी बॅगा उचलायला, रस्ता दाखवायला, औषधाच्या दुकानात भाषा बोलायला बरोबर असतं, म्हणून तर त्या येऊ शकल्या. त्यांनी घरी बसावं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये स्वतः आखून रोमला चाललाय असं लिहिलंय, तर कामाच्या गोष्टीही सांगते. सेंट पीटर्ससाठी बुधवारची सकाळ ठेवू नका. पोप रोममध्ये असतील तर तेव्हा त्यांचं जाहीर दर्शन असतं आणि चर्च दुपारपर्यंत बंद राहतं. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट असतं, त्यामुळे रांग अफाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कोलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेलं असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. पॅन्थिऑनलाही २०२३ पासून तिकीट आहे. परतीच्या दिवशी खरेदीवरचा कर परतावा घ्यायचा असेल तर बॅग चेक-इनला देण्याआधी त्यातल्या वस्तू कस्टमला दाखवाव्या लागू शकतात, आणि इटलीत एका पावतीवर ७० युरोच्या वर खरेदी असेल तरच तो मिळतो. त्यासाठी विमानतळावर एरवीपेक्षा तासभर आधी पोचा. आणखी काही विचारायचं असेल तर इथेच विचारा, मला माहीत असेल ते नक्की सांगेन.