दोन एचपीवर पाच एचपीचा पंप चालत नाही

‘बॅटरीवर 2 एचपीची मोटर सुरू करा, पट्ट्याने 10 केव्हीएचा अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) फिरवा. त्याचीच वीज मोटरला द्या, बॅटरी काढा. उरलेल्या विजेवर 5 एचपीचा पंप आयुष्यभर फुकट.’ हा व्हिडिओ आता माझ्या मामांपर्यंत पोहोचलाय आणि ते विहिरीवर हे यंत्र बसवायला आगाऊ पैसे द्यायला निघालेत. म्हणून हे लिहितोय.

‘वीज चुंबकातच असते.’ साफ खोटं. शास्त्रज्ञ फॅराडेने 1831 मध्ये दाखवलं की तारेच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं तरच वीज निर्माण होते. चुंबक नुसता शेजारी ठेवून काही होत नाही, तो फिरवावा लागतो. एक ध्रुव समोरून गेला की विजेचा दाब एका दिशेने, दुसरा गेला की उलट. आपल्याकडे हे चक्र सेकंदाला 50 वेळा होतं, तीच एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज. चुंबक इंधन खात नाही, एवढं मात्र खरं. पण फिरवणारा खातो! कोयनेला धरण बांधावं लागलं ते त्यासाठीच.

आणि व्हिडिओ लपवतो ते इथेच. भार नसेल तर अल्टरनेटर हलका फिरतो. पंप जोडला की वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते फिरणाऱ्या भागाला मागे ओढतं. हा लेन्झचा नियम, 1834 चा. लग्नाच्या मांडवात सगळे हॅलोजन एकदम लागले की जनरेटरचं इंजिन कसं दबतं, ते प्रत्येकाने ऐकलंय. जेवढी वीज घ्याल तेवढा जोर शाफ्टवर लावावाच लागतो.

आता हिशोब. 2 एचपी म्हणजे शाफ्टवर 1,492 वॅट. 80 टक्के कार्यक्षमता धरली तर त्यासाठी मोटर 1,865 वॅट खाणार. पट्टा आणि अल्टरनेटर मिळून 85 टक्के धरले तर परत येणार जेमतेम 1,270. मोटरचंच पोट भरत नाही, पंपाला काय देणार? पाटीवरचे ‘10 केव्हीए’ म्हणजे अल्टरनेटर जास्तीत जास्त किती पेलू शकतो तो आकडा. तेवढं तो स्वतःहून देत नाही.

‘फ्लायव्हील ताकद वाढवतं.’ फ्लायव्हील म्हणजे शाफ्टवर बसवलेलं जड चाक, ते फक्त साठवतं. 50 किलोची, दोन फूट व्यासाची भरीव चकती मिनिटाला 1,500 फेऱ्यांनी फिरत असली, तरी तिच्यात सुमारे 28 हजार जूल असतात. 5 एचपीच्या पंपाला ते सात-आठ सेकंद पुरतील. व्हिडिओत दिवा थोडा वेळ जळतो तो अशा साठ्यावर, नाहीतर लपवलेल्या वायरवर.

‘सरकारी पेटंट आहे.’ भारतीय पेटंट कायदा, 1970, कलम 3(अ) वाचा: प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात दावा करणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळतच नाही. अर्जाची पावती म्हणजे पेटंट नव्हे.

मामा, पैसे देण्याआधी त्या माणसाला सांगा: आपल्या विहिरीवर, बॅटरी काढून, महावितरणची वायर तोडून, आठ तास पंप चालवून दाखव. तोवर एक रुपयाही देऊ नका.